दूरस्थ संगणकाचे दार उघडत नाही तेव्हा

शासनाची अनेक कामे आता कागदाच्या फायलीतून संगणकाच्या पडद्यावर आली आहेत. सात-बाराचा उतारा, उत्पन्नाचा दाखला, विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती, रास्त भाव दुकानातील धान्य अशा नित्याच्या गरजांसाठी आज खेड्यातील माणसाला दूर कोठेतरी असलेल्या सर्व्हरशी, म्हणजे मध्यवर्ती संगणकाशी, संपर्क साधावा लागतो. हा संपर्क जुळला की तासांचे काम मिनिटांत होते. परंतु तो जुळला नाही, तर दाराशी आलेला माणूस रिकाम्या हाताने परत जातो.

अहिल्यानगर जिल्ह्यापुरता विचार केला तरी या प्रश्नाची व्याप्ती ध्यानात येते. पूर्वीचा अहमदनगर आणि २०२४ पासून अहिल्यानगर या नावाने ओळखला जाणारा हा जिल्हा १७,०४८ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचा असून राज्यात आकाराने सर्वांत मोठा आहे. त्याचे तालुके चौदा. एका टोकाला अकोले तालुक्यातील कळसूबाई-हरिश्चंद्रगडाचा डोंगराळ मुलूख, तर दुसऱ्या टोकाला जामखेड, पाथर्डी, शेवगावचा अवर्षणप्रवण पट्टा. अशा विस्तीर्ण जिल्ह्यात तालुक्याच्या गावी एक हेलपाटा म्हणजे मजुराचा एक दिवसाचा रोज बुडणे होय.

सेवा केंद्रात किंवा धान्य दुकानात तीन वाक्ये वारंवार कानी पडतात : ‘सर्व्हर डाऊन आहे’, ‘ओटीपी आला नाही’ आणि ‘अंगठा लागत नाही’. ऐकणाऱ्याला तिन्हींचा अर्थ एकच वाटतो : आज काम होणार नाही. वस्तुतः ही तीन वेगवेगळ्या दोषांची लक्षणे आहेत व त्यांचे उपायही वेगळे आहेत. दोष नेमका कोठे आहे हे ओळखण्याची एक शिस्तबद्ध रीत आहे. ती केंद्रचालक, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, दुकानदार आणि सुशिक्षित तरुण यांनी आत्मसात केल्यास बरेच हेलपाटे वाचू शकतील.

पहिल्याच प्रयत्नात अपयश

दूरच्या संगणकात प्रवेश करताना अडचण येणे ही गोष्ट या तंत्राइतकीच जुनी आहे. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी रात्री साडेदहाच्या सुमारास अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथील विद्यापीठातून सुमारे साडेपाचशे किलोमीटर दूर असलेल्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या संगणकात प्रवेश करण्याचा प्रयत्न झाला. आजच्या इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेट जाळ्यावरील तो पहिला संदेश. चार्ली क्लाइन हा विद्यार्थी ‘लॉगिन’ या इंग्रजी शब्दाचे एकेक अक्षर टंकित होता. ‘एल’ पोहोचले, ‘ओ’ पोहोचले आणि तिसऱ्या अक्षराच्या वेळी पलीकडील यंत्रणा कोलमडली. दोष दुरुस्त केल्यानंतर सुमारे तासाभराने प्रवेश साधला.

या घटनेतील बोधप्रद भाग असा की, दोन्ही टोकांची माणसे त्या वेळी दूरध्वनीवर एकमेकांशी बोलत होती. एक अक्षर पाठवायचे, ते पोहोचले काय हे विचारायचे आणि मगच पुढचे पाठवायचे, अशी त्यांची पद्धत होती. त्यामुळे दोष कोणत्या अक्षराशी उद्भवला हे तत्काळ कळले. दोषशोधनाची ही रीत आजही तितकीच उपयुक्त आहे. एका वेळी एकच पायरी तपासावी आणि ती ठीक असल्याची खात्री झाल्यावरच पुढे जावे.

भारतात या क्षेत्राची पायाभरणी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने केली. १९७६ साली स्थापन झालेल्या या केंद्राने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘निकनेट’ या उपग्रहाधारित जाळ्याने जिल्हा मुख्यालये जोडण्याचे काम हाती घेतले. त्या काळी जिल्हाधिकारी कार्यालयातील एका खोलीपुरता असलेला हा संपर्क आज वाडीवस्तीवरील भ्रमणध्वनीपर्यंत येऊन पोहोचला आहे.

चार दरवाजे

प्रवेशाच्या विनंतीला चार दरवाजे ओलांडावे लागतात. पहिला रस्त्याचा : विनंती सर्व्हरपर्यंत पोहोचली पाहिजे. दुसरा ओळखीचा : विनंती करणारी व्यक्ती तीच आहे, याची सर्व्हरला खात्री पटली पाहिजे. तिसरा अधिकाराचा : ओळख पटलेल्या व्यक्तीस ते काम करण्याची मुभा असली पाहिजे. चौथा सत्राचा : काम पूर्ण होईपर्यंत संपर्क टिकला पाहिजे.

तालुका कचेरीच्या उदाहरणाने हे स्पष्ट होईल. एस.टी. चुकली तर माणूस कचेरीपर्यंत पोहोचतच नाही. पोहोचला पण ओळखपत्र नसेल तर शिपाई अडवितो. आत गेला तरी अभिलेखाची खोली त्याच्यासाठी खुली नसते. आणि सर्व काही जुळून कचेरीची वेळ संपली, तर अर्ज अपुरा राहतो. एस.टी. चुकलेल्या माणसाने ओळखपत्र बदलून घेण्यात जसा अर्थ नाही, तसा रस्त्याचा दोष असताना पासवर्ड बदलण्यातही नाही. तथापि प्रत्यक्षात घाईघाईने हेच केले जाते.

रस्त्याचा दोष कसा ओळखावा

पडद्यावर पासवर्ड अथवा अंगठा मागणारे पान उघडलेच नाही, तर दोष रस्त्याचा समजावा. प्रथम दुसरे एखादे परिचित संकेतस्थळ उघडून पाहावे. तेही उघडत नसेल तर अडचण स्थानिक आहे : रेंज नाही, तार निसटली आहे किंवा जोडणीची मुदत संपली आहे. दुसऱ्या कंपनीच्या सिमकार्डावरून किंवा थोड्या उंच जागेवरून प्रयत्न करावा. अकोल्याच्या दऱ्याखोऱ्यांत हा साधा उपायही पुष्कळदा उपयोगी पडतो.

इतर संकेतस्थळे उघडतात व एकच उघडत नाही, असे असेल तर पडद्यावरील आकडा वाचावा. जगभर हे आकडे एकाच अर्थाने वापरले जातात. ४०४ म्हणजे मागितलेले पान त्या पत्त्यावर नाही. बहुधा पत्ता टंकिताना चूक झालेली असते. ५०३ म्हणजे सर्व्हर तूर्त सेवा देण्यास असमर्थ आहे. ५०४ म्हणजे मधल्या यंत्रणेला मागील सर्व्हरकडून वेळेत उत्तर मिळाले नाही. शेवटच्या दोन प्रसंगी दोष अर्जदाराचा नसतो व पासवर्ड बदलूनही काही साधत नाही. योजनेच्या अंतिम तारखेला सर्वांनी एकदम गर्दी केली की हे आकडे हमखास दिसतात. पहाटे किंवा रात्री उशिरा प्रयत्न करणे, आणि मुळात अखेरच्या दिवसाची वाट न पाहणे, हाच त्यावरील उपाय होय.

आणखी एक दोष सहसा लक्षात येत नाही. तो म्हणजे घड्याळाचा. सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला आरंभाची व अखेरची तारीख असते. संगणकातील लहान बॅटरी संपून त्याची तारीख काही वर्षे मागे गेली, तर वैध प्रमाणपत्रही त्याला अवैध वाटते आणि ‘जोडणी सुरक्षित नाही’ असा इशारा येतो. अशा वेळी प्रथम तारीख व वेळ तपासावी. ती बरोबर असूनही इशारा येत असेल, तर मात्र पुढे जाऊ नये. संकेतस्थळाचा पत्ता अक्षरशः वाचावा. शासकीय पत्त्याच्या अखेरीस साधारणतः ‘जीओव्ही डॉट इन’ अथवा ‘एनआयसी डॉट इन’ असते. मिळत्याजुळत्या नावाचे बनावट पान हे चोराने उभे केलेले खोटे दार असते.

पासवर्ड, ओटीपी आणि डिजिटल सही

संगणकावर पासवर्डाची प्रथा १९६१ च्या सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो यांच्या चमूने सुरू केली. एकच संगणक अनेकांनी वापरायचा, तेव्हा प्रत्येकाचे काम वेगळे राखण्यासाठी ती आवश्यक ठरली. पुढे पासवर्ड जसाच्या तसा साठविणे धोक्याचे असल्याचे दिसून आले आणि त्याचे उलट न करता येणारे गणिती रूप साठविण्याची पद्धत रूढ झाली. म्हणूनच नीट बांधलेल्या यंत्रणेत ‘जुना पासवर्ड सांगा’ ही मागणी कोणीही अधिकारी पुरी करू शकत नाही. फक्त नवा ठरवून देता येतो.

पासवर्ड बरोबर असूनही नाकारला गेल्यास प्रथम कळफलक पाहावा. मराठी टंकलेखन करताना इन्स्क्रिप्ट कळफलक चालू राहतो आणि पासवर्डाच्या चौकटीत ठिपक्यांखेरीज काही दिसत नसल्याने चूक ध्यानात येत नाही. मोठ्या लिपीची कळ दाबलेली असणे, नकल करताना शेवटी मोकळी जागा येणे, ही कारणेही नित्याची आहेत. दोन प्रयत्न फसल्यावर तिसरा आंधळेपणाने करू नये. अनेक यंत्रणा ठरावीक चुकांनंतर खाते काही काळ बंद ठेवतात. बंद खात्यावर केलेला योग्य पासवर्डाचा प्रयत्नही व्यर्थ जातो आणि दोषाचे मूळ अधिकच झाकले जाते.

ओटीपीचा प्रश्न वेगळा आहे. तो संदेश नोंदलेल्या क्रमांकावरच जातो. तो न येण्याची कारणे प्रामुख्याने चार : क्रमांक बदलला आहे, सिमकार्डाची मुदत संपली आहे, रेंज नाही किंवा संदेशपेटी भरली आहे. संदेश उशिरा आला म्हणून दुसरा मागविला, की पहिला बहुधा निरुपयोगी ठरतो; नंतर दोन्ही एकदम आले तर शेवटचाच वापरावा. आधारला जोडलेला क्रमांक बदलला असल्यास आधार सेवा केंद्रात तो अद्ययावत करून घ्यावा. हे काम योजनेची मुदत जवळ येण्याआधी, सवडीने केलेले बरे. ओटीपी म्हणजे एका वेळेपुरती दिलेली किल्ली असल्याने तो दूरध्वनीवर कोणासही सांगू नये.

महसूल खात्यात डिजिटल सहीचे महत्त्व मोठे आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने तिला कायद्याची मान्यता दिली. राज्यात २०१८ पासून डिजिटल सहीचे सात-बारा उतारे नागरिकांना मिळू लागले. अधिकाऱ्याची ही सही लहानशा यूएसबी टोकनमध्ये असते. टोकन लावूनही प्रवेश मिळत नसेल तर तीन गोष्टी पाहाव्यात : टोकनची आज्ञावली त्या संगणकावर आहे काय, प्रमाणपत्राची मुदत संपली आहे काय, आणि नूतनीकरणानंतर नवे प्रमाणपत्र यंत्रणेत त्या अधिकाऱ्याच्या नावे नोंदले गेले आहे काय. मुदत संपण्याच्या महिनाभर आधी नूतनीकरण केल्यास गावाचे फेरफार अडून राहात नाहीत. टोकन व त्याचा सांकेतिक अंक दुसऱ्याच्या हाती सोपविणे म्हणजे कोऱ्या कागदावर सही करून देण्यासारखे आहे.

अंगठा लागत नाही

या विषयातील सर्वांत नाजूक भाग हाच होय. रास्त भाव दुकानातील ई-पॉस यंत्रावर टेकविलेल्या बोटाचा ठसा आधार प्राधिकरणाच्या मध्यवर्ती भांडाराकडे पडताळणीस जातो. प्राधिकरणाची संगणक केंद्रे बंगळूर व हरयाणातील मानेसर येथे आहेत. तेथून होकार किंवा नकार येतो. नकाराबरोबर जो सांकेतिक क्रमांक येतो, तोच निदानाचा खरा धागा आहे.

३०० म्हणजे ठसा जुळला नाही. ३३० म्हणजे आधारधारकाने स्वतःच आपले जैविक तपशील कुलूपबंद करून ठेवले आहेत. ते कुलूप उघडेपर्यंत कितीही बोटे लावली तरी उपयोग नाही. ४०० म्हणजे ओटीपी चुकीचा आहे. ५६१ म्हणजे विनंतीची वेळ उलटून गेली आणि ५६२ म्हणजे विनंतीवरील वेळ भविष्यातील आहे. या दोन्ही प्रसंगी बोटाचा संबंधच नसून यंत्राचे घड्याळ तपासले पाहिजे. ९९८ म्हणजे आधार क्रमांकच ग्राह्य नाही. अंक टंकिताना चूक झाली काय हे प्रथम पाहावे. केवळ ‘अंगठा लागत नाही’ असे सांगून माणसाला परत पाठविल्यास ही सर्व भिन्न कारणे एकाच नावाखाली गाडली जातात.

३०० हा क्रमांक आल्यासच बोटांकडे वळावे. पाथर्डी-शेवगावचा ऊसतोडणी कामगार, खाणीवर दगड फोडणारी मजूर स्त्री, सिमेंटचे काम करणारा गवंडी, वृद्ध माणसे यांच्या बोटांवरील रेषा झिजलेल्या असतात. हंगाम संपवून परतलेल्या कामगाराच्या हातावर उसाच्या पाचटाच्या चिरा असतात. अशा वेळी हात धुऊन कोरडे पुसावेत. कातडी फार रखरखीत असल्यास किंचित ओलावा द्यावा. यंत्राची काच मऊ फडक्याने स्वच्छ करावी. एकच बोट पुनःपुन्हा न दाबता दहाही बोटे क्रमाने तपासून पाहावीत. जे बोट जुळेल ते ध्यानात ठेवावे. डोळ्यांच्या बाहुल्यांवरून किंवा चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय जेथे असेल, तेथे ती वापरावी. मुलांचे ठसे पाच व पंधरा वर्षे वयानंतर अद्ययावत करणे आवश्यक असते. ते राहून गेल्यास शिष्यवृत्तीच्या वेळी अडचण उभी राहते.

ओळख पटली, पण अधिकार नाही

काही वेळा ओळख पटते, तरीही काम होत नाही. संकेतस्थळांच्या भाषेत ४०१ म्हणजे ओळख पटली नाही आणि ४०३ म्हणजे या कामाची परवानगी नाही. कर्मचाऱ्याची बदली झाल्यावर नव्या सज्जाची नोंद यंत्रणेत झालेली नसेल, तर त्याचा पासवर्ड चालतो पण गावाचे अभिलेख उघडत नाहीत. हा दोष वरिष्ठ कार्यालयातूनच दूर होतो. कर्मचाऱ्याने वारंवार प्रवेश करून तो सुटत नाही.

शिधापत्रिकेचेही तसेच आहे. आधार क्रमांक कुटुंबाच्या नोंदीशी जोडलेला नसेल, तर ठसा जुळूनही त्या शिधापत्रिकेवर धान्य निघत नाही. स्थलांतर करणाऱ्यांसाठी ही जोडणी विशेष मोलाची आहे. ‘एक देश एक शिधापत्रिका’ या योजनेतील आंतरराज्य सोय ९ ऑगस्ट २०१९ रोजी ज्या पहिल्या दोन जोड्यांत सुरू झाली, त्यांत महाराष्ट्र व गुजरात ही एक जोडी होती. आता ही सोय देशभर आहे. कारखान्याच्या फडावर गेलेल्या कुटुंबाला तेथल्या दुकानातून आपल्या वाट्याचे धान्य घेता येते. मात्र गाव सोडण्यापूर्वीच सर्वांची आधार जोडणी तपासून घेतली पाहिजे.

यंत्रणा सांभाळणाऱ्यांसाठी

तंत्रनिकेतनांतून व महाविद्यालयांतून संगणकशास्त्र शिकणारे जिल्ह्यातील युवक उद्या अशा सर्व्हरची देखभाल करतील. ते काम प्रायः ‘एसएसएच’ या सुरक्षित पद्धतीने दुरून केले जाते. फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर पासवर्ड चोरीस गेल्यानंतर तातू यल्योनेन यांनी १९९५ मध्ये ही पद्धत तयार केली. तिच्या संदेशांतील भेद जाणला की निदान सुकर होते. ‘वेळ संपली’ असा संदेश आल्यास विनंती वाटेतच अडली किंवा सर्व्हर बंद आहे. ‘जोडणी नाकारली’ असा आल्यास यंत्रापर्यंत विनंती पोहोचली, पण त्या दारावर सेवा सुरू नाही. ‘परवानगी नाही’ असा आल्यास सेवा सुरू आहे, ओळख मात्र पटलेली नाही. नाव चुकले की पासवर्ड चुकला, हे सर्व्हर मुद्दामच सांगत नाही. कारण ती माहिती चोरालाही उपयोगी पडेल. खरे कारण सर्व्हरच्या आतील नोंदवहीत सापडते.

‘सर्व्हरची ओळख बदलली आहे’ असा इशारा आल्यास तो पुसून पुढे जाऊ नये. यंत्र नव्याने बसविले असेल किंवा मध्ये कोणी तोतया उभा असेल. संबंधित कार्यालयास दूरध्वनी करून नवी ओळखखूण पडताळावी. तसेच प्रवेशाचे नियम बदलताना आपले चालू सत्र बंद करू नये. दुसऱ्या खिडकीतून नवा प्रवेश साधल्याची खात्री झाल्यावरच पहिले सत्र सोडावे. अन्यथा स्वतःच स्वतःला बाहेर कोंडून घेण्याचा प्रसंग येतो.

नोंद ठेवण्याची सवय

दोष वरिष्ठांना कळविताना ‘चालत नाही’ एवढे पुरेसे नाही. दिनांक व वेळ, गावाचे नाव, कोणते काम चालू होते, पडद्यावरील नेमके शब्द व सांकेतिक क्रमांक, आणि काय काय करून पाहिले, या पाच बाबी लिहिल्यास दुरुस्ती करणाऱ्याचे अर्धे काम होते. पडद्याचे छायाचित्रही घ्यावे. मात्र त्यात आधार क्रमांक, पासवर्ड वा ओटीपी दिसू देऊ नये. अशी वही महिनाभर ठेवली, तर दोष एखाद्या बोटाचा आहे, यंत्राचा आहे की सबंध गावच्या जोडणीचा आहे, याचे चित्र आपोआप उभे राहते.

यंत्राचा नकार, माणसाचा हक्क

सर्व उपाय करूनही दार उघडले नाही, तर काय? येथे एक तत्त्व स्पष्ट ठेवले पाहिजे. ओळख न पटणे म्हणजे अपात्र ठरणे नव्हे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ ने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्याचा हक्क दिला आहे. हा हक्क यंत्राने दिलेला नाही. तेव्हा यंत्राच्या नकाराने तो नष्टही होत नाही. केवळ आधार पडताळणी झाली नाही म्हणून पात्र लाभार्थ्यास धान्य नाकारू नये आणि अशा वाटपाची अपवाद म्हणून स्वतंत्र नोंद ठेवावी, अशा सूचना केंद्र शासनाने ऑक्टोबर २०१७ मध्ये सर्व राज्यांना दिल्या. धान्य नाकारले गेल्यास तालुक्याच्या पुरवठा शाखेकडे लेखी तक्रार करता येते.

दाखले व उताऱ्यांसारख्या अधिसूचित सेवांसाठी महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ लागू आहे. त्यानुसार अर्जाची पोच मिळणे, विहित मुदतीत सेवा मिळणे आणि तसे न झाल्यास अपील करणे हे नागरिकाचे अधिकार आहेत. तांत्रिक अडचणीची तारीखवार नोंद अशा अपिलात मोलाचा पुरावा ठरते.

कळसूबाईच्या पायथ्याची वृद्धा असो की फडावरून परतलेला कामगार, संगणक त्यांना ओळखत नाही; तो केवळ काही खुणा जुळतात की नाही एवढेच पाहतो. माणसाला ओळखण्याचे काम खिडकीशी बसलेल्या माणसाचेच आहे. दोष रस्त्याचा, ओळखीचा, अधिकाराचा की सत्राचा हे शांतपणे तपासून, योग्य शब्दांत सांगून आणि पर्यायी मार्ग दाखवून त्याने ते पार पाडले, तर दूरस्थ संगणक हे शासन व सामान्य जन यांना जोडणारे साधन ठरेल.